पत्र्याच्या आतलं दान

नव्या गृहप्रकल्पाच्या ब्रोशरचं शेवटचं पान सहसा कुणी वाचत नाही. पुढच्या पानांवर क्लबहाउस असतं, पोहण्याचा तलाव असतो, टेकडी दिसणारी बाल्कनी असते. शेवटच्या पानावर असते ‘सामाजिक बांधिलकी’. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, गावाकडच्या शाळेला दिलेले बेंच, इस्पितळातला एखादा वॉर्ड, वारीत वाटलेले रेनकोट. पालखी पुण्यात मुक्कामाला असते त्या दिवसांत हे रेनकोट रस्तोरस्ती दिसतात. पाठीवर प्रकल्पाचं नाव, बऱ्याचदा फोन नंबरासकट.

यात हसण्यासारखं काही नाही. शहरातल्या कितीतरी अभ्यासिका, डायलिसिसची यंत्रं, स्मशानभूमीतल्या शेड बांधकाम व्यावसायिकांच्या देणगीतून झाल्या आहेत आणि त्या लोकांच्या उपयोगी पडतात. प्रश्न वेगळा आहे. बिल्डर समाजाला जे देतो त्यातलं कायद्याने द्यावंच लागतं ते किती, आणि स्वखुशीचं किती? आणि जे दिलं जातं, ते इमारत बांधणाऱ्या हातांपर्यंत कितपत पोचतं?

सुरुवात ‘सीएसआर’पासून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीपासून करू, कारण सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द असतो. 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं: कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करा. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. आपल्याकडचा सर्वसाधारण बिल्डर मात्र बऱ्याचदा या कलमात बसतच नाही. एक तर त्याचा पसारा तेवढा नसतो. दुसरं म्हणजे तो प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी संस्था किंवा एलएलपी काढतो. जमीनमालक एका ठिकाणी भागीदार, मेहुणा दुसऱ्या ठिकाणी. कलम 135 आहे कंपन्यांसाठी. एलएलपीला आणि भागीदारी संस्थेला ते लागत नाही. म्हणजे ब्रोशरच्या शेवटच्या पानावरचं बरंचसं दान खरोखरच ऐच्छिक असतं. त्याचं श्रेय द्यायला हवं.

ज्यांना कलम लागू आहे, त्यांच्यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून 2014 मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च चालत नाही, आणि इतर कायद्यांनी बंधनकारक केलेली गोष्टही त्यात मोजता येत नाही. नियम म्हणून हे बरोबरच आहे. मजुरांना हेल्मेट दिलं आणि ते समाजकार्य म्हणून दाखवलं, असं होऊ नये. पण त्याचा एक विचित्र परिणाम होतो. दानाची नजर आपोआप साइटभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर वळते. पत्र्याच्या आत जे होतं ते कर्तव्य, म्हणून त्याचा फोटो निघत नाही. बाहेर जे होतं ते पुण्य, म्हणून फलक लागतो.

आतली परिस्थिती काय असते, हे 29 जून 2019च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढव्यात सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि झोपेतच 15 जण गेले. बहुतेक बिहारचे. त्यांत लहान मुलंही होती. खोदकामाच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, भर पावसाळ्यात लेबर कॅम्प उभा करण्याचा निर्णय कुणीतरी कधीतरी घेतला होता. त्या रात्री मुलं तिथे होती, कारण साइटवर काम करणारं कुटुंब राहायलाही साइटवरच असतं.

ही मुलं हाच या विषयातला सगळ्यात जुना धागा आहे. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथे मातीच्या ढिगाऱ्यांत सोडून दिलेली तान्ही मुलं मीरा महादेवन यांनी पाहिली आणि बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केलं. पाळणाघर हलतं असायला हवं होतं, कारण इमारत पुरी झाली की मजूर पुढच्या साइटला जातो. ‘मोबाइल क्रेशेस’ हे नाव त्यातूनच आलं. पुढे हे काम मुंबईत आणि पुण्यात पोचलं. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ते चालवते. 1988 मध्ये मुंबईत रजनी परांजपे आणि बिना लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं. तीही संस्था नंतर पुण्यात आली आणि बांधकामांवरच्या मुलांसाठी साइटवरच वर्ग भरवू लागली.

बिल्डरचा सहभाग इथे नेमका काय असतो, ते पाहण्यासारखं आहे. साधारण व्यवस्था अशी: बिल्डर एक-दोन खोल्या, पाणी, वीज आणि खर्चाचा काही वाटा देतो, संस्था ताई, शिक्षिका आणि आहार सांभाळते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण साइटवर जागा ही सगळ्यात महाग चीज असते. सळई, सिमेंटचं गोडाऊन, टॉवर क्रेन, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाड्यांचा फेरा, या सगळ्यांतून एक कोरडी, बंदिस्त, स्लॅबखालची सुरक्षित खोली मुलांसाठी राखून ठेवायला साइट इंजिनिअरच्या वर कुणाचा तरी आग्रह असावा लागतो. मालकाने एकदा चक्कर मारून ‘पाळणाघर कुठे हलवलं?’ असं विचारलं, तर ते टिकतं. नाहीतर पहिल्या मोठ्या स्लॅबच्या वेळी त्या खोलीत प्लायवूड जातं.

कायद्यातही पाळणाघर आहे. 1996च्या बांधकाम कामगार कायद्याच्या 35व्या कलमानुसार जिथे पन्नासहून अधिक महिला कामगार असत तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं होतं. पण साइटवर पन्नास बायका असल्या तरी कागदावर त्या क्वचितच पन्नास भरत. सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, प्लास्टरचा वेगळा, फरशीचा वेगळा. प्रत्येकाची हजेरी वेगळी. त्यातून अनेक बायका नवऱ्याबरोबर ‘जोडी’ म्हणून कामावर येतात आणि मस्टरवर नाव लागतं ते नवऱ्याचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी महिलांऐवजी एकूण कामगारांचा आकडा धरला आहे. ही सुधारणा मोलाची आहे, पण मस्टर जोवर ठेकेदाराच्या वहीत आहे तोवर आकडा कोण मोजणार, हा प्रश्न उरतोच.

आता पैशांकडे येऊ. बिल्डर समाजासाठी देतो त्यातली एक नियमित रक्कम ब्रोशरमध्ये कधीच छापली जात नाही. ती म्हणजे उपकर. 1996 मध्येच झालेल्या दुसऱ्या कायद्याने बांधकाम खर्चावर 1 ते 2 टक्के कल्याण उपकर बसवला. दर 1 टक्का ठरला. यात जमिनीची किंमत धरत नाहीत. समजा, हजार चौरस फुटांच्या सदनिकेला चौरस फुटामागे अडीच हजार रुपये बांधकाम खर्च आला, तर त्यावर 25 हजार रुपये उपकर होतो. बांधकाम परवानगीच्या वेळी महापालिका तो वसूल करते आणि राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवते. बिल्डर भरतो, पण अखेर तो सदनिकेच्या किमतीतच येतो. म्हणजे नवीन घर घेतलेल्या प्रत्येक माणसाने, त्याला माहीत असो वा नसो, मजुरांसाठी काही हजार रुपये दिलेले आहेत.

ते गेले कुठे? महाराष्ट्रात मंडळ झालं 2011 मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. देशभर हीच रखडपट्टी होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018च्या निकालात राज्यांना खडसावलं. हजारो कोटी रुपये पडून होते, आणि जे खर्च झाले त्यात कुठे लॅपटॉप, कुठे वॉशिंग मशिन घेतल्याचं न्यायालयासमोर आलं होतं. धूळ आणि सिमेंटमध्ये राबणाऱ्या माणसाला वॉशिंग मशिन, पण त्याच्या खोलीत नळ नाही. आज महाराष्ट्रात नोंदणीकृत कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, प्रसूतीसाठी आणि उपचारासाठी मदत मिळते, अपघाती मृत्यूनंतर वारसांना रक्कम मिळते. भांड्यांचा संचही मिळतो, आणि गावोगावी रांगा लागतात त्या याच संचासाठी. त्या रांगांत बांधकामावर कधी पाऊल न टाकलेलेही असतात, अशा तक्रारी सतत होतात. कोविडच्या टाळेबंदीत राज्याने याच निधीतून नोंदणीकृत कामगारांच्या खात्यात प्रत्येकी 2,000 रुपये जमा केले. ज्याची नोंदणी नव्हती तो चालत गावी निघाला.

मजूर फक्त साइटवरच नसतात; बिल्डर आणि स्थानिक उद्योग यांची एक साखळी असते. घर बांधलं की त्यामागे खडीच्या खाणी, क्रशर, वीटभट्ट्या, फॅब्रिकेटर, प्लंबर, सुतार, टेम्पोवाले असे शेकडो लहान धंदे चालतात. पुण्याची खडी वाघोली, मोशी भागातल्या खाणींतून येते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान उत्खननालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली आणि नदीच्या वाळूवरचे निर्बंध आवळत गेले, तशी दगड फोडून केलेल्या वाळूची, म्हणजे क्रश सँडची मागणी वाढली. वाढलेलं काम पुन्हा त्याच खाणींवर आलं. वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ काढल्या. बिल्डरच्या दानाचा हात साइटवरच्या पाळणाघरापर्यंत तरी कधीमधी पोचतो; खाणीपर्यंत तो फारसा जात नाही, कारण खडी बिलावर फक्त ब्रासमध्ये दिसते, माणसांमध्ये नाही.

उद्योग उभा करणं हीही एक सामाजिक कामगिरी असते, हे सांगताना बी. जी. शिर्के यांना वगळता येत नाही. वाईजवळच्या पसरणीचा हा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला, आणि 1970च्या दशकात स्वीडिश तंत्रज्ञानाने हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा कारखाना त्याने पुण्यात काढला. ‘सिपोरेक्स’ हे त्या ठोकळ्याचं नाव गवंड्यांच्या तोंडी असं बसलं, की आज कुठल्याही कंपनीच्या हलक्या ब्लॉकला तेच म्हणतात. म्हाडा, सिडकोची सामान्यांसाठीची घरं या तंत्राने भराभर उभी राहिली. रेनकोट वाटण्यापेक्षा हे काम मोठं आहे, असं मला वाटतं. त्यात दान नव्हतं, धंदाच होता. पण त्या धंद्याने शहराला एक नवं कसब दिलं.

कसबाचा प्रश्न आज जास्तच टोकदार झाला आहे. आपल्याकडे गवंडी होतो तो बिगारीतूनच. घमेलं उचलता उचलता, मिस्त्रीचा हात बघत. आयटीआयला जायचं तर रोज बुडवणं त्याला परवडत नाही. म्हणून ‘क्रेडाई पुणे मेट्रो’ या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने ‘कुशल’ नावाचा उपक्रम चालवला: प्रशिक्षकच साइटवर येतो आणि कामाच्या वेळेतच गवंडीकाम, सळईकाम, फरशी, रंगकाम शिकवतो. हे एकट्या बिल्डरने का करू नये? कारण शिकलेला गवंडी महिनाभरात जास्त रोजावर शेजारच्या साइटवर जातो. एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने वापरायचं, हे कुठल्याच व्यापाऱ्याला परवडत नाही. सगळ्यांनी मिळून शिकवलं तर तोटा वाटला जातो आणि भिंती सरळ येतात. इथे परोपकार आणि फायदा वेगळे काढताच येत नाहीत, आणि काढायची गरजही नाही.

शेवटी एका कागदाबद्दल सांगायला हवं. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी व्हायची तर कामगाराचं वय 18 ते 60 मध्ये असावं लागतं आणि वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दाखला द्यायचा ठेकेदाराने किंवा बिल्डरने. सही करायला पैसे लागत नाहीत. तरीही ती सहजासहजी मिळत नाही, कारण सही म्हणजे ‘हा माझ्याकडे कामाला होता’ ही कबुली. उद्या अपघात झाला तर तोच कागद पुढे येईल, ही धास्ती. मग एजंट मधे शिरतो आणि दाखल्याला भाव येतो. कोटभर रुपये उपकर भरलेल्या साइटवरचा मजूर त्याच उपकराच्या लाभातून बाहेर राहतो. काही बिल्डरांनी साइटवरच नोंदणी शिबिरं भरवली आहेत: टेबल, फोटो, आधार, बँक पासबुक, आणि जागेवर सही. एवढ्यावर काम संपत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर वर्षी, आणि वर्षात तीन साइट बदललेल्या माणसाला 90 दिवस जमवायला सह्याही तीन लागतात.