तापाविना हिवताप : गर्भवतीचा आजार आणि त्याचे नाव

भारतीय भाषांनी मलेरियाला दिलेली नावे पाहिली असता त्यांतील एकवाक्यता लक्षणीय वाटते. मराठीत ‘हिवताप’, गुजरातीत ‘टाढियो ताव’, कन्नडमध्ये ‘चळिज्वर’, तमिळमध्ये ‘कुळिर् काय्च्चल’. प्रत्येक नावात थंडी आणि ताप यांची जोडी आहे. आयुर्वेदानेही विषमज्वराचे तृतीयक, चतुर्थक असे भेद तापाच्या पाळीवरूनच केले. ‘मलेरिया’ हा मूळचा इटालियन शब्द मात्र दूषित हवेला दोष देतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात परजीवी आढळला आणि हवेची ती उपपत्ती निकालात निघाली. लक्षणांवरून पडलेली देशी नावे टिकली, कारण ती अनुभवाला धरून होती. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्र हा अनुभव कित्येकदा फसवा ठरतो.

ज्या प्रदेशात हिवताप वर्षानुवर्षे ठाण मांडून असतो, तेथील प्रौढांच्या अंगी काही प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यामुळे रक्तात परजीवी असूनही ताप येत नाही, असे घडू शकते. गर्भारपणात त्यात एका गोष्टीची भर पडते. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीने बाधित झालेल्या तांबड्या पेशी वारेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या द्रव्याला चिकटून राहतात. वार हा अवयव गर्भधारणेपूर्वी शरीरात नसतोच. म्हणून पहिलटकरणीच्या शरीराला अशा पेशींची ओळख नसते. पुढील खेपांना ती प्रतिपिंडांच्या रूपाने वाढत जाते. बोटातून घेतलेल्या रक्तात परजीवी न दिसताही ते वारेत साठलेले असू शकतात. परिणामी आईला रक्तक्षय होतो आणि बाळ अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. याउलट, जेथे हिवताप क्वचित आढळतो तेथे गर्भवतीला जोराचा ताप भरतो व तो जिवावर बेतू शकतो.

प्रतिबंधाचे मार्ग या भेदानुसार ठरतात. आफ्रिकेतील अधिक प्रादुर्भावाच्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली पुढील शिफारस केली: दुसऱ्या तिमाहीपासून, प्रत्येक नियोजित प्रसूतिपूर्व भेटीत, किमान एका महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची मात्रा द्यावी. येथे ताप आहे की नाही, हा प्रश्नच विचारला जात नाही. भारताने हे धोरण स्वीकारलेले नाही. येथे भर आहे तो कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी, त्वरित रक्ततपासणी आणि गर्भारपणात चालतील अशाच औषधांवर; प्रायमाक्विन गर्भवतीला वर्ज्य आहे. ओडिशाने २०१७ साली दुर्गम भागांत सुरू केलेल्या ‘दमन’ मोहिमेत मात्र ताप नसलेल्यांचेही रक्त तपासण्यात आले.

या ठिकाणी वैद्यकाचा प्रश्न भाषेचा प्रश्न होतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आरोग्यसेविका मराठीत विचारते आणि उत्तर अनेकदा गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या स्त्रीकडून यावयाचे असते. ‘ताप येतो का?’ या प्रश्नाला तिने दिलेले ‘नाही’ हे उत्तर खरे असते. तरीही तेवढ्यावर तपासणी थांबली तर आजार वारेत तसाच राहतो. ‘हिवताप’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. हिवाविना आणि तापाविनाही हिवताप असू शकतो, हे वाक्य प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण गर्भवतीपर्यंत तिच्या स्वतःच्या भाषेत पोहोचावयास हवे ते हेच होय.