सालीचे वस्त्र आणि आजचे चित्रकार

१७८७ साली लंडनमध्ये अलेक्झांडर शॉ या गृहस्थाने एक आगळेच पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात छापील मजकूर थोडाच होता. बाकीच्या पानांवर कापडाचे लहान लहान तुकडे होते. कॅप्टन कुकच्या तीन सफरींत पॅसिफिक महासागरातील बेटांवरून जी वस्त्रे इंग्लंडात आली, ती कापून हे नमुने सिद्ध केले होते. त्यामुळे या पुस्तकाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. ज्यांच्या हाती हे पुस्तक पडले त्यांना पॉलिनेशियाचे वस्त्र भेटले ते असे, तुकड्यातुकड्यांनी. नक्षी हाती आली. पण मूळ वस्त्र किती लांब होते, ते कोणी केले आणि कोणाला दिले, हे सारे कात्रीखाली गेले. आजचे कलावंत या वस्त्रापासून काय घेतात, हे पाहताना ही कात्री विसरून चालत नाही.

या वस्त्राला ताणा नाही आणि बाणाही नाही. कागदी तुती या झाडाची आतली साल बडवून ते पसरवलेले असते. वल्कले हा शब्द आपल्याला रामकथेपासून परिचित आहे. पण वनवासाचा, वैराग्याचा जो भाव त्या शब्दाला आपल्याकडे चिकटला आहे, तो येथे वाचकाने बाजूस ठेवावा. पॉलिनेशियात हे वस्त्र ऐश्वर्याचे आणि मंगल प्रसंगाचे आहे. जगभर त्याला ‘टापा’ म्हणतात. बेटांवर मात्र त्याची नावे निरनिराळी: टोंगामध्ये न्गातू, सामोआत सिआपो, हवाईत कापा, निऊएत हिआपो, तर पॉलिनेशियाच्या सीमेवरील फिजीत मासी. हे झाड या बेटांचे मूळचे नव्हे. दर्यावर्दी पूर्वजांनी त्याची रोपे होड्यांतून नेली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने त्यांचा माग थेट तैवानपर्यंत लावला.

टोंगामध्ये ही कला कधी खंडित झाली नाही, म्हणून तेथील रीत जरा सविस्तर पाहू. रोप वाढत असताना त्याचे बाजूचे कोंब खुडून टाकतात, कारण जेथे फांदी फुटते तेथे सालीला भोक राहते. पुरुषाहून थोडे उंच झालेले झाड तोडून त्याची साल सोलतात, वरची खरखरीत पापुद्र्याची बाजू काढून टाकतात आणि आतली पांढरी साल वाळवून, पुन्हा भिजवून, लाकडी ओंडक्यावर बडवतात. बडवण्याची मोगरी चौकोनी असते. तिच्या काही बाजूंना खाचा असतात. चार बोटांची पट्टी बडवता बडवता हातभर रुंद होते. गावात लांबूनही हा ठोका ऐकू येतो. मग बायका एका लांब, कमानदार फळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसतात. फळीवर ‘कुपेसी’ मांडलेल्या असतात, म्हणजे नारळाच्या झापांच्या हिरांनी उठावाची नक्षी शिवलेल्या पाट्या. त्यांवर सालीच्या पट्ट्या कंदाच्या खळीने जोडत जोडत पसरतात आणि वरून रंगाचा बोळा घासतात, की खालची नक्षी वर उमटते. एक भाग झाला की तो पुढे सरकतो. शेवटी वस्त्र जमिनीवर पसरून गडद रंगाने रेषा हातानेच ठळक करतात. रंग झाडांच्या सालींचे; तपकिरी रंग देणारे एक झाड, बिशोफिया, आपल्या सह्याद्रीच्या रानांतही वाढते.

हे एकटीचे काम नव्हे आणि ते एकटीच्या नावावरही नसते. पुरे झालेले वस्त्र लग्नात, राज्यारोहणात, अंत्यविधीत दिले जाते. देण्यासाठीच ते केलेले असते. १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या टोंगा भेटीच्या निमित्ताने केलेले एक न्गातू सुमारे २२ मीटर लांब आहे. १९६५ मध्ये टोंगाची राणी सालोते हिचे न्यूझीलंडमध्ये निधन झाले आणि तिची शवपेटी विमानाने मायदेशी नेली गेली, तेव्हा तेच वस्त्र पेटीखाली अंथरले होते. आज ते वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

निऊए या लहानशा बेटाची कथा याच्या उलट. तेथील हिआपोवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण बहर आला. साच्यांची मदत न घेता मुक्तहस्ताने काढलेली पाने, वेली, वर्तुळे, आणि मध्येच शिडाची जहाजे, माणसे, अक्षरांत लिहिलेली नावे! जुन्या वस्त्रावर नव्या जगाची नोंद करण्याचे धैर्य या अनाम स्त्रियांत होते. पण विसाव्या शतकाच्या आरंभीच ही कला थांबली. उरले ते संग्रहालयांच्या कपाटांतले थोडे नमुने.

जॉन पुले हा चित्रकार १९६२ साली निऊएत जन्मला आणि दोन वर्षांचा असताना कुटुंबासह न्यूझीलंडला आला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नाही. तो कवी आणि कादंबरीकारही आहे. त्याने हिआपोची मांडणी तैलरंगांत आणली. चौकट न ठोकलेला कॅनव्हास तो वस्त्रासारखा मोकळा टांगतो, त्यावर चौकटींचे जाळे आखतो आणि एकेका घरात वनस्पती, पक्षी, शार्क, चर्च, क्रूस, स्थलांतर करणारी माणसे भरतो. पुढे त्याच्या चित्रांतले जाळे विरळ होऊन तेथे ढग आणि लोंबत्या वेली आल्या. २००५ साली मानवशास्त्रज्ञ निकोलस थॉमस यांच्यासह त्याने हिआपोवर एक ग्रंथही सिद्ध केला. माझ्या मते पुलेचे मोठेपण नक्षीच्या अनुकरणात नाही. त्या स्त्रियांनी जहाजे आणि नावे जशी वस्त्रावर घेतली, तसे त्याने आपल्या काळातले परागंदेपण चित्रात घेतले. म्हणजे परंपरेची सवय उचलली, केवळ आकृती नव्हे.

हवाईतही कापा गिरणीच्या कापडापुढे नामशेष झाली होती. १९७० नंतर पुआनानी व्हॅन डॉर्प आणि इतर काही जणींनी जुने नमुने निरखून, चुकत-माकत ती पुन्हा साधली. मावी बेटावर एका हॉटेलाच्या बांधकामासाठी खोदताना पूर्वजांच्या शेकडो अस्थी निघाल्या. लोकांच्या विरोधानंतर त्या विधिपूर्वक पुन्हा पुरल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी व्हॅन डॉर्प यांनी व त्यांच्या सोबतिणींनी कापा तयार केली. पुनरुज्जीवन हा शब्द आपण सहज वापरतो. येथे त्याला अक्षरशः अर्थ होता.

न्यूझीलंडच्या थंडीत हे झाड मुळातच जेमतेम जगे. माओरी त्याला ‘औते’ म्हणतात. १७६९ साली कुकला त्याची मोजकीच रोपे दिसली, आणि एकोणिसाव्या शतकात ती नाहीशी झाली. उरल्या दलदलीत सापडलेल्या लाकडी मोगऱ्या. १९९१ साली जन्मलेल्या निकाऊ हिंडिन या माओरी कलावतीने हवाईत जाऊन साल बडवण्याची विद्या घेतली आणि ती मायदेशी आणली. तिच्या वस्त्रांवर काव आणि काजळी यांनी रेखलेल्या नेमक्या भौमितिक आकृत्या असतात. ताऱ्यांचे उदयास्त आणि चांद्र पंचांग हे त्यांचे विषय, म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर हे झाड समुद्रापार आले तेच. २०२४ च्या व्हेनिस येथील ६० व्या कलाप्रदर्शनात तिचे काम मांडले गेले. सोबत तिच्या सहकारी स्त्रियांची नावेही होती.

नावांचा हा प्रश्न फिजीत अधिक तीव्र झाला. तेथे रॉबिन व्हाइट या न्यूझीलंडच्या चित्रकर्तीने लेबा टोकी आणि बाले जिओने या फिजीच्या मासीकारांबरोबर ‘तेइतेइ वोऊ’, म्हणजे नवी बाग, ही कृती केली. २००९ साली ब्रिस्बेनमध्ये ती तिघींच्या नावाने मांडली गेली. तिच्यात लाउतोका येथील साखर कारखान्याचे चित्र आहे. १८७९ ते १९१६ या काळात करारबद्ध मजूर म्हणून ज्या हजारो भारतीयांना फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेले, त्यांचा इतिहास असा सालीच्या वस्त्रावर आला.

याच सुमारास फिजीच्या विमान कंपनीने आपले नाव आणि बोधचिन्ह बदलले. त्यासाठी मासीकार माकेरेता मातेमोसी यांच्याकडून आकृत्या करवून घेतल्या. येथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पण २०१३ साली कंपनीने मासीच्या १५ आकृत्यांची व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी मागितली, आणि गदारोळ उडाला. या आकृत्या पिढ्यान्पिढ्या लोकांच्या सामायिक आहेत. एक कंपनी त्यांची धनी कशी होणार, असे विरोधक विचारू लागले. कायद्याला एक कर्ता आणि एक तारीख हवी असते; मासीला दोन्ही नाहीत. पूर्वी पानांचे आणि आता जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे कापून बायका त्या आकृत्या उमटवतात. आई लेकीला, सासू सुनेला त्या शिकवते. मातेमोसी यांची मासी आज त्या कंपनीच्या विमानांवर दिसते.