विश्लेषण : डॅशबोर्डवर लाल थर्मामीटर पेटला; गाडी थांबवायची की पुढे न्यायची?

चैत्र पौर्णिमेला विवळवेढेच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली की चारोटी परिसरात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. डोक्यावर ऊन, आत एसी. अशा वेळी डॅशबोर्डवर थर्मामीटरचे लाल चिन्ह उमटले, तर ‘मसोली आता जवळच आहे, घरी जाऊन बघू’ हा विचार सर्वात महागात पडतो.

लाल म्हणजे काय?

इंजिन साधारण ९० अंश सेल्सियसच्या आसपास चालते. कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल. निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०६-१०७ अंशांना उकळते. झाकणाने धरलेल्या दाबाखाली ही मर्यादा आणखी वाढते. लाल दिवा लागला म्हणजे इंजिन ती मर्यादा गाठू लागले. तसेच चालवत राहिल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि एका पाइपच्या कामाचे इंजिन उघडण्याचे काम होते.

काही गाड्यांत गाडी सुरू करताना निळा थर्मामीटर दिसतो. तो फक्त इंजिन थंड असल्याचे सांगतो, थोड्या वेळात जातो. खरी फसगत काट्याची. वर चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसे वाटते. पण कूलंट इतका गळालेला असू शकतो की सेन्सरला द्रवच लागत नाही, म्हणून तो कमी तापमान दाखवतो.

थांबल्यावर काय करायचे?

एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा (घाम फुटेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते), गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ येत असेल तर लगेच उघडू नका. रेडिएटरचे झाकण तर मुळीच नाही. आतले दाबाखालचे पाणी क्षणात उसळून चेहरा-हात भाजतात. किमान अर्धा तास जाऊ द्या, वरचा पाइप हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर मदतीसाठी १०३३ क्रमांक आहे.

गळती कुठे शोधायची?

गाडीखालचे प्रत्येक थारोळे कूलंटचे नसते. एसीचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला किंचित चिकट, गोडसर वासाचा. पाइपच्या क्लॅम्पवर, वॉटर पंपाखाली वाळलेले रंगीत किंवा पांढरे डाग दिसले तर गळती तिथलीच समजा. समोरचा गालिचा ओला आणि काच आतून धूसर होत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर तपासा.

खाली थेंबही नाही, पण टाकीतली पातळी उतरतेय? मग पांढरा धूर आणि ऑइलचा दुधाळ रंग पाहा. दोन्ही हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात.

गर्दीत तापते पण महामार्गावर ठीक चालते, तर बहुतेक वेळा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. वेग घेतल्यावरच तापते, तर रेडिएटर तुंबलेला असू शकतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्याच्या पातळ पट्ट्या लवकर झिजतात, आणि विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की आत क्षार साचतात. अडचणीत गार झालेल्या इंजिनात स्वच्छ पाणी घालून गॅरेजपर्यंत जाता येते, पण नंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच कूलंट भरा; रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असे नाही.

गॅरेजवाला ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, प्रश्न मिटेल’ म्हणाला तर नको म्हणा. त्याशिवाय इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल-डिझेल जास्त लागते आणि मूळ दोष झाकला जातो. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. सिस्टीममध्ये दाब भरला की बारीक गळतीही दिसते.

अंगणात सांडलेला कूलंट मात्र लगेच पुसून, भरपूर पाण्याने धुऊन टाका. तो चवीला गोड आणि विषारी असतो; कुत्री चाटतात, लहान मुलांचे हातही त्यात जातात.