धर्म शिकणे आणि धर्माचा अभ्यास करणे : विद्यापीठांतील फरक नेमका काय?

फरीदाबाद – पदवीनंतर ‘धर्म’ हा विषय घेऊन एम. ए. किंवा पीएच. डी. करता येते, हे सांगितले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे शिक्षण पौरोहित्याचे की प्रचाराचे? दुसरा प्रश्न नोकरीचा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यागणिक बदलते. पहिल्याचे उत्तर मात्र भारतीय राज्यघटनेने, तिच्यावरील चर्चेने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी बरेचसे स्पष्ट केले आहे. विद्यापीठातील धर्माभ्यास विद्यार्थ्याला कोणत्याही श्रद्धेची दीक्षा देत नाही. ती श्रद्धा कशी घडली, कोणी जपली, कशी बदलली आणि समाजात तिने काय केले, याची पुराव्यांनिशी चिकित्सा करायला तो शिकवतो.

सीही गावाचे उदाहरण

हा फरक समजून घेण्यासाठी फरीदाबादमधलेच एक उदाहरण पुरेसे आहे. शहरात सामावून गेलेले सीही हे गाव कृष्णभक्त कवी सूरदासांचे जन्मस्थान मानले जाते. दिल्ली मेट्रोच्या व्हायोलेट मार्गिकेवरील एका स्थानकाला ‘संत सूरदास (सीही)’ असे नावही देण्यात आले आहे. दुसऱ्या परंपरेनुसार हा मान आग्र्याजवळील रुनकता गावाकडे जातो.

भाविकाच्या दृष्टीने सीही हे श्रद्धास्थान आहे आणि त्याला एवढे पुरेसे असते. धर्माचा अभ्यासक मात्र ही माहिती प्रथम कोणत्या ग्रंथात आली, असे विचारतो. वल्लभ संप्रदायातील भक्तांच्या चरित्रांचा ‘चौरासी वैष्णवन की वार्ता’ हा ग्रंथ आणि त्यावरील हरिरायांची ‘भावप्रकाश’ ही टीका यांकडे तो वळतो. सीहीचा उल्लेख या टीकेत येतो. मग टीकाकाराने सूरदासांचे चरित्र विस्ताराने का लिहिले, त्या काळी संप्रदायाला त्याची कोणती गरज वाटत होती, हे प्रश्न पुढे येतात.

पदांच्या बाबतीतही असेच आहे. सूरदासांच्या पदांचे सर्वांत जुने, तारीख असलेले हस्तलिखित १५८२ मधील असून ते राजस्थानातील फतेहपूर येथे तयार झाले. त्यातील पदांची संख्या काही शेकड्यांत आहे. विसाव्या शतकात नागरी प्रचारिणी सभेने छापलेल्या ‘सूरसागरा’त मात्र सुमारे पाच हजार पदे आहेत. केनेथ ब्रायंट आणि जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी जुन्या हस्तलिखितांची तुलना करून सोळाव्या शतकात प्रचलित असलेली ४३३ पदे निश्चित केली. ती २०१५ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाली. उरलेली पदे खोटी ठरवणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. पिढ्यान्‌पिढ्या गायकांनी आपली रचना ‘सूर’ या नाममुद्रेखाली गायली, तर त्या काळी कर्तृत्वाची कल्पना काय होती, असा त्याचा खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान नरसी बामणी की पंढरपूर, याविषयी जुना मतभेद आहे. त्यांच्या नावावरील मराठी अभंगांत नंतरच्या ‘नामा’ नाममुद्रेच्या रचना मिसळल्या आहेत, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मरण जपले जाते. एक संत दोन भाषांत आणि दोन धर्मपरंपरांत कसा राहतो, हे समजून घेण्यासाठी वारकऱ्याची भक्ती किंवा इतिहासकाराची कागदपत्रे यांपैकी एकच साधन पुरत नाही. दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो.

ग्रंथांपलीकडचा धर्म

धर्माभ्यास केवळ पोथ्यांचा नसतो. फरीदाबादची आजची औद्योगिक नगरी फाळणीनंतर, १९४९ पासून, मुख्यतः वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवली गेली. त्यासाठी नेमलेल्या विकास मंडळाचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होते. समाजकार्यकर्ते आणि अर्थतज्ज्ञ एल. सी. जैन यांनी या वसाहतीची कहाणी ‘द सिटी ऑफ होप’ या पुस्तकात सांगितली आहे.

धर्माच्या नावाखाली घर सुटलेल्या माणसांनी नव्या गावात कोणते सण, कोणती देवस्थाने आणि कोणते विधी पुन्हा उभे केले? काय मागे सोडले? शेजारच्या ग्रामीण हरयाणाच्या चालीरीतींशी त्यांचे नाते कसे जुळले? समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि इतिहास यांच्या मदतीने या प्रश्नांचा शोध घेणे हेही धर्माभ्यासाचेच काम आहे. मुलाखती, मंदिर-गुरुद्वारांच्या नोंदी, लग्नपत्रिका आणि भजनांच्या वह्या ही त्याची साधने असतात.

राज्यघटना काय सांगते?

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, पूर्णतः सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना (विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीविना) अशा शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मग सरकारी विद्यापीठात धर्माचा विभाग कसा चालतो?

हाच प्रश्न संविधान सभेत उपस्थित झाला होता. डिसेंबर १९४८ मध्ये या कलमाच्या मसुद्यावर चर्चा सुरू असताना पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी, वेद, स्मृती, गीता आणि उपनिषदे शिकवणाऱ्या संस्कृत महाविद्यालयांचे काय होणार, असे विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तर देताना धार्मिक शिक्षण आणि संशोधन वा अभ्यास या दोन पूर्णतः वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. एखादे मत सत्य म्हणून स्वीकारायला लावणे हे धार्मिक शिक्षण. त्या मताचा अभ्यास करणे वेगळे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे हीच रेषा अधोरेखित केली. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती. तिला आव्हान दिले गेले, तेव्हा १९७१ च्या ‘डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य’ निकालात न्यायालयाने असा शैक्षणिक अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे ठरवले. सप्टेंबर २००२ मध्ये ‘अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार’ या शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या खटल्यातही, विविध धर्मांविषयी शिकणे कलम २८ च्या विरोधात जात नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

अमेरिकेतही १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवताना धर्माच्या वस्तुनिष्ठ अभ्यासाला मोकळीक असल्याचे नमूद केले. त्यानंतर तेथील सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग झपाट्याने वाढले. भारतात मात्र घटनात्मक आधार आधीपासून असूनही तसे घडले नाही.

मराठी अभ्यासकांचा वारसा

या विषयाशी मराठी माणसाचे नाते सव्वाशे वर्षांचे आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजमध्ये गेले आणि दोन वर्षे त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. एकेश्वरवादी ख्रिस्ती संघटनेची शिष्यवृत्ती आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य त्यांना मिळाले होते. मायदेशी परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्माच्या अभ्यासातून सामाजिक अन्यायाची मुळे शोधता येतात, याचे ते ठळक उदाहरण होय.

गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत भटकून पाली शिकले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे हार्वर्डमधून पीएच. डी. मिळवली. दिल्ली विद्यापीठात १९५७ मध्ये बौद्ध अध्ययन विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा याच बापटांकडे आली. राजधानीतील धर्माभ्यासाच्या एका महत्त्वाच्या विभागाची पायाभरणी अशी पुण्यातील गुरुशिष्य परंपरेतून झाली.

विभाग थोडे का?

राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील निवडक भाग आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न शिकवावेत, असे सुचवले होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यापीठांतील तौलनिक धर्माभ्यास विभागांच्या भूमिकेवर भर दिला. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ मध्ये स्वतंत्र विभाग उभा राहिला. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत तत्त्वज्ञानाच्या जोडीने तौलनिक धर्म शिकवला जातो. पण असे विभाग अपवादच राहिले.

फाळणीच्या ताज्या जखमांमुळे धर्म हा विषय वर्गात आणण्याचा संकोच हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसरे कारण रचनेचे आहे. धर्माचा अभ्यास आपल्याकडे संस्कृत, पाली, अरबी, तत्त्वज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र अशा विभागांत वाटला गेला. त्यामुळे संस्कृतचा विद्यार्थी क्वचितच कुराण वाचतो आणि इस्लामचा अभ्यासक क्वचितच त्रिपिटक उघडतो. आपल्याच परंपरेपुरता अभ्यास मर्यादित राहिला की तुलना संपते, आणि तुलना संपली की चिकित्साही हळूहळू मंदावते.

विद्यार्थ्याने काय पाहावे?

फरीदाबादहून मेट्रोने कालकाजी मंदिर येथे गाडी बदलून जामिया मिलियाला आणि कश्मीरी गेट येथे बदलून दिल्ली विद्यापीठाला जाता येते. जामियात इस्लामी अध्ययनाचा, तर दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. बनारस हिंदू विद्यापीठाने २०२२ मध्ये हिंदू अध्ययनाचा एम. ए. अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यानंतर इतर विद्यापीठांनीही तो स्वीकारला. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या संस्थांतील ख्रिस्ती धर्मशास्त्राचे शिक्षण वेगळ्या प्रकारचे असते. ते श्रद्धेच्या चौकटीत राहून आणि मुख्यतः चर्चच्या सेवेसाठी दिले जाते. दोन्ही प्रकारांना स्वतःचे मोल आहे. मात्र प्रवेश घेताना आपण कोणता प्रकार निवडतो आहोत, हे विद्यार्थ्याला ठाऊक हवे.

त्यासाठी अभ्यासक्रम पत्रिका नीट वाचावी. मूळ ग्रंथांची एखादी भाषा शिकवली जाते का? किमान दुसऱ्या एका धर्मपरंपरेचा अभ्यास अनिवार्य आहे का? टीकाकारांचे लेखनही वाचायला लावतात का? क्षेत्रकार्य आणि हस्तलिखितांचे प्रशिक्षण मिळते का? पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त आहे का? या प्रश्नांची उत्तरे विभागाच्या नावापेक्षा अधिक सांगून जातात.

अध्यापनाची वाट धरणाऱ्यांसाठी ‘नेट’ परीक्षेत धर्मांचा तौलनिक अभ्यास, बौद्ध-जैन-गांधी व शांतता अध्ययन आणि हिंदू अध्ययन असे विषय आहेत. शिवाय संग्रहालये, अभिलेखागारे, प्रकाशन, अनुवाद, पत्रकारिता आणि सामाजिक संस्था येथेही या ज्ञानाचा उपयोग होतो. मात्र पदांची संख्या मर्यादित असल्याने भाषा किंवा दुसऱ्या एखाद्या विषयाची जोड असणे हिताचे ठरते.

धर्मावरील वाद रस्त्यावर, न्यायालयात आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज होतात. त्या वादांत एखादा ग्रंथ खरोखर काय म्हणतो, एखादी प्रथा किती जुनी आहे आणि एखाद्या दाव्याला आधार काय, हे शांतपणे तपासणारी माणसे घडवण्याची जागा विद्यापीठाचा वर्ग हीच आहे. राज्यघटनेने ती जागा मोकळी ठेवली आहे. ती किती भरायची आणि कशाने, हे विद्यापीठांनी ठरवायचे आहे.