वटवाघूळ आणि बार्टोनेला

वटवाघूळ म्हटलं की सगळे विषाणूंवर बोलतात. जिवाणूंकडे फारसं कुणाचं लक्षच जात नाही. बार्टोनेलाचंच बघा. हा जिवाणू तांबड्या रक्तपेशींत मुक्काम ठोकतो. अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत त्याची नवी प्रजाती सापडली. २०१० मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. ती आली कुठून, कळेना. २०१४ मध्ये तीच प्रजाती फिनलंडच्या वटवाघळांत मिळाली! वटवाघळांच्या केसांत फिरणाऱ्या, रक्त पिणाऱ्या माश्यांतही बार्टोनेला आढळतो. त्यातल्या काहींना पंखच नसतात, दिसतात थेट कोळ्यासारख्या. वटवाघळांकडून माणसाला लागण झाल्याची उदाहरणं अगदी विरळ, तेव्हा झाडावरची वटवाघळं हुसकावू नका. खाली पडलेलं वटवाघूळ मात्र उघड्या हातानं उचलू नका, वनविभागाला कळवा.