एका फाटक्या रबराची गोष्ट

लॅमिंग्टन रोडवर काकांची जुनी मर्सिडीज थांबली की पोरं फोटो काढतात. तिची दारं लॉक होत नाहीत, हे फोटोत कुठं दिसतंय! गाडी डब्ल्यू १२४. याच मॉडेलनं १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली.

गंमत म्हणजे या गाडीत दाराचं लॉक विजेची मोटर नाही, हवा फिरवते. मागे एकच पंप असतो. तो बारीक नळ्यांतून हवा ओढतो नाहीतर ढकलतो, आणि दारातला रबरी पडदा लॉकची दांडी खालीवर करतो. इतक्या वर्षांत रबर तडकणारच. एका जागी हवा गळली, की पंप नुसता घरघरत राहतो आणि सगळीच दारं रुसतात.

मेकॅनिक म्हणाला, "पंपच बदला." किंमत ऐकून काका गाडी विकायला निघाले.

मग आम्ही नळ्यांना फाटे फुटतात तिथं एकेक फाटा बंद करून पाहिला. मागच्या डाव्या दाराचा बंद केला, तशी बाकीची दारं खटकन लागली. त्या दाराचं आतलं पॅनेल काढलं (हळूच, जुन्या क्लिपा लगेच मोडतात). नळीच्या जोडाचं रबर फाटलं होतं. तेवढंच बदललं. पंप अजून जुनाच आहे.