धावणाऱ्या श्वानाची मूत्रपिंडे

ग्रेहाउंड जातीचा कुत्रा शर्यतीत ताशी ६० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. सराव अपुरा असला किंवा हवा उष्ण व दमट असली, म्हणजे अशा धावेनंतर एखाद्या कुत्र्याची पाठ ताठरते, मागचे पाय लटपटतात आणि कमरेचे स्नायू सुजून कठीण होतात. हात लावताच तो विव्हळतो. मालकास वाटते, पाय लचकला असेल, विश्रांतीने बरा होईल. पण धोका एव्हाना पायांतून मूत्रपिंडांकडे सरकलेला असतो.

अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यांतील मायोग्लोबिन हे प्राणवायू साठविणारे तांबडे द्रव्य रक्तात उतरते. त्याचा रेणू लहान. त्यामुळे तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटतो आणि लघवी तपकिरी, कधी काढ्यासारखी काळपट होते. शरीरात पाणी भरपूर असेल तर तो वाहून जातो. धापा टाकून शुष्क झालेल्या कुत्र्याची लघवी मात्र थोडी व आम्लधर्मी असते. तीत मायोग्लोबिन साकळून सूक्ष्म नलिका तुंबतात. शिवाय फुटलेल्या पेशींतील पोटॅशियम हृदयाची लय बिघडविते, ते निराळेच.

माणसांतही हेच घडते. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बने कोसळलेल्या घरांखालून काढलेली काही माणसे प्रथम सावरल्यासारखी दिसत आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

भारतात ग्रेहाउंडच्या शर्यती विरळ. परंतु भर उन्हात सायकलीमागे पळविलेला किंवा बंद मोटारीत कोंडलेला कोणताही कुत्रा उष्माघाताने याच वाटेस लागतो. येथे एक फसगत संभवते. काळपट लघवी दिसली की गोचिडतापाचा संशय येतो, आणि तो गैरही नव्हे. रक्ताची नमुनानळी फिरवून पाहिली असता वरचा द्रव तांबूस दिसला तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. तो स्वच्छ असून लघवी काळी असेल तर संशय स्नायूंकडे वळतो.

घरातील वेदनाशामक गोळी देणे ही यातील सर्वांत घातक माया होय. आयबुप्रोफेनसारखे औषध आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटविते. अंगावर साधे पाणी ओतीत, वारा घालीत कुत्र्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. तेथे शिरेतून सलाइन देतात व लघवी मोजतात. तिचा रंग निवळला तरी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी पुढे चालूच ठेवावी लागते, कारण मूत्रपिंडांचा बिघाड दोन-तीन दिवस उशिरानेही उघडकीस येतो.